नमुना समोर ठेवला की मुले स्वतःची रचना करत नाहीत. तिसरी-चौथीच्या वर्गात काय करावे?

प्रश्न : तिसरी-चौथीच्या जोडवर्गाची शिक्षिका

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या एका शाळेत तिसरी-चौथीच्या जोडवर्गाला शिकवते. पटावर २६ मुले आहेत. कार्यानुभवाच्या तासाला मी आजवर जे करत आले, त्याविषयी गेल्या महिन्यात मला पहिल्यांदाच मनापासून शंका आली, म्हणून प्रश्न थोडा सविस्तर मांडते.

‘टाकाऊपासून टिकाऊ’ या उपक्रमात मी मुलांना पेन ठेवायचे स्टँड करायला सांगितले. नेहमीप्रमाणे आदल्या रात्री घरी एक सुबक नमुना तयार केला, तो टेबलावर ठेवला आणि कोणत्या पायरीनंतर कोणती पायरी करायची ते फळ्यावर लिहून दिले. तास संपला तेव्हा माझ्यासमोर २५ स्टँड होते आणि ते सगळे माझ्याच स्टँडसारखे होते. मी घोटीव कागदाची पिवळी पट्टी जिथे चिकटवली होती, तिथेच प्रत्येकाने ती चिकटवली होती. सव्विसाव्या मुलीने मात्र स्टँड केलेच नव्हते. तिने काडेपेटीची तीन खोकी शेजारी शेजारी चिकटवून एक उथळ तबक केले होते आणि त्याची पुढची कड मुद्दाम उंच ठेवली होती. हे काय केलेस, असे मी जरा कडक आवाजातच विचारले. ती म्हणाली, “बाई, तुमच्या खडूचे तुकडे सारखे खाली पडतात, ते ठेवायला.” मी तिला आधी दिलेले काम पूर्ण करायला सांगितले. घरी आल्यावर ते तबक माझ्या डोळ्यांपुढून हलेना, कारण त्या दिवशी वर्गात विचार करून काही केले असेल तर ते फक्त तिने, आणि नेमके तिलाच मी थांबवले होते.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आहे. आमच्याकडे तंत्रज्ञान म्हटले की टॅब आणि प्रोजेक्टर एवढेच डोळ्यांसमोर येते, परंतु चाक, तरफ, बिजागरी, घडी घातलेला पुठ्ठा हेही तंत्रज्ञानच आहे आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताला ते अधिक जवळचे आहे, हे मला पटले आहे. अडचण प्रत्यक्ष वर्गातली आहे. नमुना दाखवला नाही तर निम्मी मुले “बाई, काय करू?” एवढेच विचारत बसतात. तास ३५ मिनिटांचा, कात्र्या सहा. घरून करून आणायला सांगितले तर वस्तू पालकांची होते. शिवाय प्रत्येकाची वस्तू वेगळी असेल तर आकारिक मूल्यमापनात (वर्षभर वर्गात पाहून करायच्या नोंदींत) नोंद कशाची करायची, हेही उमगत नाही. ज्यांनी प्राथमिकच्या मुलांकडून असे काम खरोखर करून घेतले आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

उत्तर : इंग्लंडमधील प्राथमिक शिक्षिका

ताई, त्या मुलीने जे केले तोच या विषयाचा गाभा आहे. वापरणारी व्यक्ती कोण, तिची अडचण कोणती, आणि वस्तूने ती अडचण दूर झाली का, या तिन्ही गोष्टी तिच्या एका वाक्यात आल्या आहेत. तबकाची पुढची कड उंच करणे ही तर अगदी नेमकी रचना आहे, कारण खडू घरंगळून पडतो तो पुढच्याच बाजूने.

मी मूळची मिरजेची, गेली बारा वर्षे इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते. इथे ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ हा विषय १९९० पासून राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहे आणि तो पाच वर्षांच्या मुलांपासून सुरू होतो. २०१४ पासून लागू असलेल्या अभ्यासक्रमात पाच ते सात वर्षांच्या मुलांनी तरफ, सरकपट्टी आणि चाक-आस या यंत्रणा वापरून पाहाव्यात, तर सात ते अकरा वर्षांच्या मुलांनी दंतचक्रे, कप्प्या, कॅम (फिरताना दुसरा भाग वरखाली हलवणारी चकती), जोडतरफा (एकमेकींना जोडलेल्या तरफा) आणि साधी विद्युत मंडले आपल्या वस्तूंमध्ये वापरावीत, असे म्हटले आहे. स्वयंपाक आणि आहार हाही याच विषयाचा भाग आहे. वस्तूला संगणकाने आज्ञा देणे हा मुद्दा मोठ्या मुलांसाठी आहे, पण अनेकांपैकी एक. संगणकाचा विषय वेगळा शिकवला जातो. म्हणून तंत्रज्ञान म्हणजे पडदा नव्हे, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

नमुन्याविषयी माझा अनुभव असा आहे की एक नमुना दाखवला तर मुले नक्कल करतात आणि चार वेगवेगळे दाखवले तर तुलना करू लागतात. म्हणून आम्ही कामाचे तीन टप्पे करतो. पहिल्या टप्प्यात मुले बाजारात किंवा घरात मिळणाऱ्या तयार वस्तू हाताळतात, शक्य असेल तर उघडून पाहतात आणि ही कुणासाठी केली असेल, कशाची केली आहे, कुठे तुटेल, असे प्रश्न विचारतात. दुसऱ्या टप्प्यात एखादेच कौशल्य सर्वांनी मिळून शिकायचे. त्यातून वस्तू तयार होत नाही, तो केवळ सराव असतो. तिसऱ्या टप्प्यात मूल स्वतःची वस्तू ठरवते, करते आणि तपासते. तुमच्या वर्गात निम्मी मुले “काय करू?” विचारत बसतात, ती बहुधा पहिले दोन टप्पे न झाल्यामुळे. ज्या मुलाने आसावर चाक बसवून पाहिलेलेच नाही, त्याला “तुझी गाडी तूच ठरव” असे सांगणे म्हणजे त्याला मोकळे सोडणे नव्हे, वाऱ्यावर सोडणे आहे.

गाडीचेच उदाहरण देते, कारण सहा-सात वर्षांच्या मुलांना मी ते दरवर्षी देते आणि दरवर्षी तीच चूक पाहते. मूल खोक्याला काडी चिकटवते, काडीला चाके चिकटवते, गाडी सुंदर रंगवते आणि मग ती ढकलली की फरफटत जाते. कुठेतरी काहीतरी सुटे असायला हवे, हे त्याच्या लक्षात आलेले नसते. आस खोक्याला पक्का असेल तर चाक त्यावर सैल हवे. चाक आसाला पक्के असेल तर आस खोक्याखाली नळीतून फिरायला हवा. मी हे सांगत नाही. सरावाच्या तासाला दोन्ही प्रकारच्या गाड्या मुलांच्या हातात देते आणि “यातले काय फिरते आहे, बोट लावून दाखव” असे म्हणते. तुमच्या मुलांना तर हे माझ्या मुलांपेक्षा लवकर समजेल: बैलगाडीचे चाक आखावर सैल फिरते आणि रेल्वेची दोन चाके आसाला पक्की असून आसासकट फिरतात.

दुसरी नेहमीची चूक छिद्राची. बाटलीच्या झाकणाला अंदाजाने भोक पाडले की चाक डगमगते. कागदावर झाकणाभोवती वर्तुळ काढून ते कापावे, दोनदा निम्मे दुमडावे आणि दोन घड्या जिथे छेदतात तिथला बिंदू झाकणावर उतरवावा. केंद्र हा शब्द गणितात येण्याच्या आधीच मुलांना त्याची गरज कळलेली असते, याचा मला दरवेळी आनंद होतो.

सहा कात्र्यांचा प्रश्न मला छोटा वाटतो. २६ जणांनी एकाच वेळी कापायची गरज नाही. तीन-तीनच्या गटात एक जण कापत असताना दुसरा आखतो आणि तिसरा आधीच्या चाचणीची नोंद करतो. मात्र गटात प्रत्येकाची कामे आळीपाळीने बदलतील याकडे लक्ष ठेवा, नाहीतर कात्री मुलांच्या हातात आणि रंग मुलींच्या हातात, असे आपोआप होत जाते. मी ते इथेही पाहिले आहे.

उत्तर : निवृत्त कार्यानुभव शिक्षक

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु नमुन्याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवले आणि झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा तयार केला. त्या नई तालीममध्ये मूल टकळीची रचना बदलत नव्हते, ते टकळीवर सूत काततच होते. तरीही सूत कुठे तुटले, कापसाचा पेळू कसा धरला म्हणजे धागा एकसारखा निघतो, तासाभरात किती तार झाले, या गोष्टींवर त्याचा विचार चालूच असे. नक्कल करणारा हात विचार करत नाही, असे म्हणणे कारागिरांवर अन्याय आहे. कुंभाराचा मुलगा बापाचे पाहूनच मडके घडवतो, आणि पाहता पाहता एक दिवस काठ स्वतःच्या पद्धतीने वळवतो.

म्हणून मी असे म्हणेन की वस्तूचा नमुना ठेवू नका, पण कृतीचा नमुना जरूर दाखवा. कात्री कशी धरायची, कापताना कात्री स्थिर ठेवून कागद कसा फिरवायचा, खळ किती लावायची आणि किती वेळ दाबून धरायचे, हे मुलांना स्वतः शोधायला लावण्यात काही अर्थ नाही. त्यात त्यांचा तास जातो आणि हाती निराशा येते.

आराखड्याचा आग्रहही फार धरू नये. तिसरीतले मूल कागदावर घर काढते तेव्हा समोरची भिंत आणि बाजूची भिंत एकाच सपाटीवर काढते. त्याला खोलगट वस्तू कागदावर दाखवता येत नाही. मग “आधी चित्र काढ, मग वस्तू कर” असे म्हटले की ते वस्तू करते आणि शेवटी आपल्याला बरे वाटावे म्हणून तिचेच चित्र काढते. त्याऐवजी जुन्या वर्तमानपत्राची कच्ची वस्तू करू द्यावी. ती फाटली, वाकली, लहान झाली तरी कुणाचे काही नुकसान होत नाही, आणि मूल तीच हातात धरून “इथे असे नको” म्हणते. या वयात आराखडा कागदाचाच असतो, फक्त तो काढलेला नसून दुमडलेला असतो.

आणि मुलांना रचना करता येत नाही, असे कृपया समजू नका. दिवाळीच्या सुट्टीत हीच मुले अंगणात किल्ला करतात. विटा आणि दगड रचून, त्यावर ओले पोते टाकून, वरून माती लिंपतात. बुरूज ढासळला तर माती फार पातळ झाली हे त्यांना कळते, आणि अळीव कधी पेरले म्हणजे पाडव्यापर्यंत हिरवे होईल याचा हिशेबही ती करतात. कुणीही त्यांच्यासमोर नमुना ठेवलेला नसतो. फरक एवढाच की तिथे त्यांच्याजवळ चार दिवस असतात आणि ढासळलेला बुरूज पुन्हा उभा करण्याची मुभा असते. आपण ३५ मिनिटांत एकदाच करायला लावतो आणि जे झाले त्याला गुण देतो. मी नोकरीत असताना बऱ्याच उशिरा एक बदल केला: आठवड्याचे दोन तास जोडून घेतले आणि वर्षभरातील उपक्रमांची संख्या निम्म्याहून कमी केली. तुमच्या मुख्याध्यापकांशी बोलून एवढे झाले तर बाकीचे पुष्कळसे आपोआप जमेल.

उत्तर : अभियंता पालक

मी शिक्षक नाही. माझ्या मुलीच्या शाळेत महिन्यातून दोनदा जाऊन मुलांबरोबर पुठ्ठ्याचे काम करतो, म्हणून साहित्याविषयी थोडेसे लिहितो.

खोक्याच्या पुठ्ठ्याच्या आत नाल्या असतात. नाल्यांना समांतर घडी सहज पडते, आडवी घडी चुरगळते. वजन पेलणाऱ्या भिंतीत मात्र नाल्या उभ्या हव्यात. याच एका गोष्टीवर मी पूर्ण तास घालवतो: पुठ्ठ्याचे दोन सारखे तुकडे, एकात नाल्या उभ्या आणि एकात आडव्या, दोन्ही हलकेच वळवून उभे करायचे आणि वर एकेक वही ठेवत जायचे. घडी घालण्यापूर्वी संपलेल्या रिफिलीने पट्टी लावून रेघ ओढली की सुरी लागतच नाही. सुरी आणि ब्लेड मी माझ्याचकडे ठेवतो.

हलणाऱ्या चित्रासाठी किंवा बाहुलीच्या हातासाठी फास्टनर विकत घ्यायची गरज नाही. भोकातून दोरा ओवून दोन्ही बाजूंना मोठी गाठ मारली की सांधा तयार होतो. इथे मुलांची हमखास एक चूक होते. दोन पट्ट्या जोडताना ती दोन्ही सांधे मागच्या पुठ्ठ्यातून आरपार घेतात, आणि हात हलतच नाही. एक सांधा मागच्या पुठ्ठ्याला बांधलेला आणि दुसरा फक्त दोन पट्ट्यांमध्ये, मोकळा, असे असेल तरच खालची पट्टी ओढल्यावर हात वर जातो. मुलांना गाठ सोडून पुन्हा बांधू द्यावी. डिंकाने चिकटवलेले असते तर ती चूक दुरुस्त करता आली नसती, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत मी डिंक कमी आणि दोरा, क्लिप, टाचण्या जास्त वापरतो.

मोठ्या वयोगटाचे काम पाहायचे असेल तर पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम अवश्य पाहावा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ मध्ये सुरू केला आणि आठवी ते दहावीसाठी तेथून सुरू झालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पुढे अनेक शाळांपर्यंत पोहोचला. तिथली मुले गावातल्या लोकांना लागणाऱ्या वस्तू करून देतात. वस्तू वापरणारा माणूस समोर असला की मोजमापाची काळजी मुले स्वतःहून घेतात, ही गोष्ट चौथीलाही तितकीच लागू आहे.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे उशिरा लिहीत आहे, कारण आधी करून पाहायचे ठरवले होते.

दोन तास जोडून मिळाले. शेजारच्या अंगणवाडीतील मुलांसाठी ओढायची गाडी करायची, असे ठरवले. माझी मुले आधी अंगणवाडीत जाऊन आली. परत आल्यावर ती म्हणाली की पोरे सगळे तोंडात घालतात, म्हणून टाचण्या नकोत आणि सुटणारे बारीक काही नको. ही अट मला सुचली नव्हती. आम्ही त्यात दोन अटी घातल्या: गाडीने खडूची एक पेटी वाहून न्यावी, आणि ती वर्गाच्या फरशीवर व बाहेरच्या मुरमावर, दोन्हीकडे चालावी. नमुना ठेवला नाही. पहिल्या तासाला बाजारातल्या दोन खेळण्यातल्या गाड्या, एक जुनी पाळणागाडी आणि एका आजोबांनी ज्वारीच्या धाटाची करून दिलेली बैलगाडी मुलांनी उलटीपालटी करून पाहिली.

नऊ गट होते. खराट्याच्या काड्या आणि झाकणांची चाके असलेल्या गाड्या फरशीवर छान पळाल्या. मुरमावर नऊपैकी सात अडकल्या. मुलांनी खाली वाकून पाहिले: खडा चाकाच्या जवळजवळ निम्म्या उंचीएवढा होता. एका मुलाने बाहेर काढून ठेवलेल्या चपलांकडे बोट दाखवले आणि म्हणाला, “बाई, माझा दादा जुन्या चपलेची चाके करतो.” दुसऱ्या दिवशी घराघरांतून तुटक्या रबरी चपला आल्या. कापण्याचे काम मी केले, आखण्याचे त्यांनी. वाटी ठेवून गोल काढले आणि घडीच्या कागदाने केंद्र शोधले. काडीच्या जागी सायकलचा स्पोक आला, त्याची दोन्ही टोके वळवून रबरात पुरली आणि तो रिफिलीच्या नळीतून फिरू लागला. खडूचे तबक करणाऱ्या मुलीच्या गटाने गाडीच्या पुढे एक उंच कड लावली आहे. तिची मी वर्गासमोर क्षमा मागितली आणि ते तबक आता फळ्याखाली आहे.

एक गाडी अजूनही वळणावर उलटते आणि तिच्या गटाला कारण सापडलेले नाही. मी सांगावे की थांबावे? आणि नोंदींचा प्रश्न उरलाच आहे.

उत्तर : इंग्लंडमधील प्राथमिक शिक्षिका

ताई, थांबा, पण त्यांना मदत होईल असे एक काम द्या. खडूची पेटी आधी उभी आणि मग आडवी ठेवून दोन्ही वेळा गाडी वळवायला सांगा. वजन किती उंचावर आहे आणि चाकांमध्ये अंतर किती आहे, याकडे त्यांचे लक्ष आपोआप जाईल.

नोंदींविषयी एवढेच सुचवते की वस्तूची नोंद करू नका, पहिल्या आणि दुसऱ्या वस्तूमधील बदलाची करा. ‘वस्तू सुबक करतो’ हे वाक्य कुणाच्याही नावापुढे चालेल.

उत्तर : निवृत्त कार्यानुभव शिक्षक

आपल्याकडे कार्यानुभवाचे मूल्यमापन पूर्णपणे आकारिक आहे, लेखी परीक्षा नाही, त्यामुळे ही मोकळीक तुम्हाला आहेच. वर्णनात्मक नोंदींचे रकानेही सोयीचे आहेत. ‘विशेष प्रगती’खाली असे लिहिता येईल: मुरमावर चाक का अडले ते खाली वाकून स्वतः पाहिले, खड्याची उंची पट्टीने मोजली, दुसऱ्या गाडीसाठी मोठे चाक निवडले. ‘सुधारणा आवश्यक’खाली: केंद्र न शोधता अंदाजाने भोक पाडतो, गटातील इतरांना कात्री देत नाही. दर तासाला सगळ्या २६ जणांची नोंद करायला जाऊ नका. एका तासाला दोन गटांजवळ बसा आणि त्यांचे बोलणे जसेच्या तसे टिपून घ्या. “पोरे सगळे तोंडात घालतात, म्हणून टाचण्या नकोत” हे वाक्य ज्या मुलाने उच्चारले, त्याच्या नावापुढे ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. आणि पहिल्या, अडकलेल्या गाड्या टाकून देऊ नका. पालकसभेच्या दिवशी दोन्ही गाड्या शेजारी शेजारी मांडा आणि मुलांनाच बोलू द्या.